थाळी उत्तर देत नाही

सोमवार, ३

पोचले. गुडघ्यांनी तक्रार केली नाही, ही पहिली चांगली बातमी. दुसरी म्हणजे, डोंगरावरचा हा निवारा फोटोत दिसला होता त्याहून बरा आहे. पुढे लाकडी ओसरी, मग गिर्यारोहकांसाठी खाटा मांडलेली मोठी खोली, मागे स्वयंपाकघर आणि त्याला लागून माझी खोली. माझ्या खिडकीतून शिखराची वाट पार दुसऱ्या वळणापर्यंत दिसते. चुलीचा धूर नीट बाहेर जातो. छत गळत नाही. प्रथमोपचाराच्या पेटीत मात्र एक कात्री आणि एक मेलेलं झुरळ. उद्यापासून सगळं बदलायचं.

आयुष्यभर कारखान्याच्या सुरक्षा विभागात काम केलेल्या बाईने निवृत्तीनंतर डोंगरावरचा निवारा सांभाळायचा, यावर घरी सगळे हसले. धाकटी म्हणाली, की ताई, तू आता दगडांनाही हेल्मेट घालशील. हसू देत. आग लागल्यावर विहीर खणणारी माणसं मी फार पाहिली आहेत.

सोबतीला एक वाटाड्या आहे. पन्नाशीचा, अंगाने काटक, तोंडाने अखंड. गिर्यारोहकांना शिखरापर्यंत नेतो-आणतो, तेही पायात रबरी चपला घालून. बूट का नाहीत म्हणून विचारलं, तर म्हणाला की बुटात पाय आंधळे होतात. चहा मात्र चांगला करतो.

हवा स्वच्छ. झोप लागेल.

बुधवार, ५

दोन दिवसांत बरंच मार्गी लागलं. वर जाणाऱ्या प्रत्येकाची पाठपिशवी आता मी ओसरीवर उघडून बघते. आज एका धष्टपुष्ट तरुणाकडे पाण्याची अर्धी बाटली, एक सुती शर्ट आणि केसांना लावायचं जेल निघालं. शिखरावर कुणाला दाखवायचे होते केस, म्हणून विचारलं. त्याचे मित्र पोट धरून हसले. तो रागावला, पण उबदार कपडे आणि जास्तीचं पाणी घेऊनच गेला.

वाटाड्याशी मात्र पहिली चकमक झाली. ओसरीच्या तुळईला एक लोखंडी थाळी टांगलेली आहे, शेजारी लाकडी दांडा. धुकं उतरलं की ती वाजवत बसायची, ही इथली पद्धत. कोणी वर असो वा नसो, धुकं हटेपर्यंत सारखी वाजवायची. मी म्हटलं, त्यापेक्षा शिट्ट्या आणू. अडकलेल्याने सहा शिट्ट्या मारायच्या, खालून तीन शिट्ट्यांनी उत्तर द्यायचं, जगभर हाच शिरस्ता आहे. तो नको म्हणाला. का नको, हे काही त्याला सांगता येईना. त्याची आई थाळी वाजवायची, तिची आईही वाजवायची, एवढंच. शेवटी कान खाजवत म्हणाला, की बाई, थाळी कुणाला उत्तर देत नाही. ती फक्त सांगते की घर इथे आहे. शिट्टीने उत्तर दिलं, की ज्याने विचारलं त्याला आपण या म्हटलं असं होतं.

मी म्हटलं, तेच तर करायचं आहे.

तो चहा ठेवायला आत गेला.

केशरी शिट्ट्यांची पेटी मी घरूनच आणली होती. आजपासून प्रत्येकाच्या गळ्यात एक. थाळी बंद.

शनिवार, ८

आज पहिलं धुकं. दुपारचं जेवण होतंय तोवर खिडकीबाहेरची वाट कुणी पुसून टाकावी तशी दिसेनाशी झाली. चौघंजण वर गेलेले. थोड्या वेळात शिट्टी आली. सहा, मग थांबून पुन्हा सहा. मी ओसरीवर जाऊन तीन मारल्या. पुन्हा सहा, पुन्हा तीन. तासभर हे चाललं आणि पद्धत किती चोख काम करते म्हणून मला, खरं सांगायचं तर, अभिमान वाटला.

चौघे धडधाकट उतरले. मी शाबासकी दिली, तर एकमेकांकडे बघायला लागले. त्यांनी शिट्टी वाजवलीच नव्हती. ते धुक्याच्या वर होते, वर लख्ख ऊन होतं.

वाटाड्या भांडी घासत होता. हात थांबले. मी उत्तर दिलं का, एवढंच त्याने विचारलं. मी हो म्हणाले. मग घासलेलीच भांडी त्याने पुन्हा घासायला घेतली.

प्रतिध्वनी असणार. नाहीतर खालच्या गावातला कुणी चेष्टेखोर.

सोमवार, १०

आज एक जोडपं रडकुंडीला येऊन उतरलं. बाईचा घोटा सुजून भोपळा झालेला. धुक्यात वाट चुकली म्हणून त्यांनी सहा शिट्ट्या मारल्या, खालून तीन आल्या, त्या आवाजाच्या मागे ते चालत राहिले. आवाज पुढे पुढे सरकत होता. नवऱ्याच्या पायाखालचा दगड सुटला आणि त्या दगडाचा खाली पडल्याचा आवाजच आला नाही, तेव्हा त्यांना कळलं की आपण कड्याच्या तोंडाशी उभे आहोत. त्यांनी मला जाब विचारला. आम्हाला तिकडे का बोलावलंत बाई?

मी आज शिट्टी तोंडाला लावलेलीच नाही. आज मी दुपारभर मागे लाकडं रचत होते.

वाटाड्याने त्या बाईला पाठुंगळीला घेतलं. तिला खाली दवाखान्यात पोचवून चार-पाच दिवसांत परततो म्हणाला. जाताना दांडा माझ्या हातात ठेवला. त्याने तुमची शिट्टी शिकून घेतली आहे, म्हणाला, आता धुकं उतरलं की थाळीच वाजवा, आणि काहीही ऐकू आलं तरी उत्तर देऊ नका. 'त्याने' म्हणजे कुणी, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

बाकीच्या शिट्ट्या पेटीत बंद केल्या. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण कुणीतरी माणसांच्या जिवाशी खेळतंय, हे उघड आहे.

बुधवार, १२

धुकं नव्हतं, तरी शिट्टी आली. पाणी भरायला झऱ्यावर गेले होते. वरच्या बाजूच्या झुडपांतून तीन. माझ्यासारख्याच. तिसरी मी जरा लांबवते, तशीच लांबवलेली.

कळशी अर्धीच भरून परत आले.

शनिवार, १५

भिंगरी आली! धाकटीला घरात सगळे भिंगरीच म्हणतात, पन्नाशी उलटली तरी. आई गेली तेव्हा ती शाळेत जायला लागली होती नुकतीच. वेण्या मी घालायचे, डबा मी भरायचे आणि पडली की धपाटाही मीच घालायचे. मेहुणे गेल्यापासून ती अशीच कुठे कुठे एकटी भटकते. जपून जगून काय मिळालं गं, असं विचारते.

सामान म्हणजे एक झोळी. पायात कापडी बूट. मी डोक्याला हात लावला. खालच्या गावात वाटाड्या भेटला, म्हणे, दवाखान्याचं उरकून परवा वर येतोय. त्याने हिला बजावलंय, की धुकं आलं तर जागच्या जागी बसायचं, थाळी ऐकायची आणि थाळीकडे चालायचं. गोड माणूस आहे गं, म्हणाली. तिला सगळेच गोड वाटतात.

बाकीचं तिला सांगायचं माझ्या जिभेवर आलं होतं. पण काय सांगू? ताईला झुडपातल्या शिट्टीची भीती वाटते? जन्मभर चिडवेल.

मी एक वेगळी युक्ती काढली. तिच्यापुरती नवी खूण ठरवली: एक लांब, दोन आखूड. ती दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही. उत्तर म्हणून मीही तेच वाजवायचं. ओसरीवर बसून तिच्याकडून पाच-सहा वेळा घोटून घेतलं. हाका मारायच्या नाहीत, श्वास फुकट जातो, फक्त शिट्टी, हेही बजावलं. तायडे, मी डोंगर बघायला आलेय, तू मला लढाईवर पाठवतेयस, म्हणाली. माझा जाड कोटही घ्यायला सांगितला. बरं बरं, म्हणाली. तिचं बरं बरं मला लहानपणापासून माहीत आहे.

झोपायच्या आधी खूप हसलो. आईची नक्कल, माझी नक्कल. ती नक्कल फार छान करते.

रविवार, १६. सकाळ

मी झऱ्यावर गेले तेवढ्यात ही बाई निघाली. परत येते तर दुसऱ्या वळणावरून हात हलवतेय. वाऱ्याने शब्द पोचले नाहीत. कोट अंगात दिसला नाही. आकाश मात्र निळंशार. येऊ दे खाली, बघते तिच्याकडे.

दुपार

धुकं.

एवढ्या झपाट्याने उतरलं की ओसरीचा कठडासुद्धा दिसत नाही. थाळी वाजवतेय. हात भरून आले की मिनिटभर आत येते, दोन ओळी लिहिते. लिहिलं की डोकं ताळ्यावर राहतं.

तीन शिट्ट्या. ओढ्याच्या बाजूने. मी थाळी थांबवली नाही. वाजव रे बाबा, घशाला कोरड पडेपर्यंत वाजव.

थोड्या वेळाने

एक लांब, दोन आखूड.

तीच आहे. दुसऱ्या कुणाला ही खूण माहीतच नाही. वरून, वाटेच्या जरा डावीकडून. अडकली आहे कुठेतरी. थाळी थांबवून मी शिट्टी काढली आणि उत्तर दिलं. लगेच परत आली.

आता शिट्टीच. थाळीचा गोंगाट असला तर तिला माझी शिट्टी ऐकू येणार नाही.

नंतर

जवळ येतेय. मी एक मारते, ती एक मारते. झऱ्यापाशी आली असावी. शहाणी माझी ती. हाका मारत नाही, श्वास राखून आहे. सांगितलं तसं अगदी. जन्मात पहिल्यांदा माझं ऐकलं.

चूल पेटवली. पाणी ठेवलं.

नंतर

कुंपणापाशी. मी म्हटलं, ये गं, इकडे, पायऱ्या सांभाळ. तिने शिट्टीच वाजवली. आता बोलायला काय झालं? म्हटलं, पुरे झाली शिट्टी, बोल. पुन्हा शिट्टी.

गारठली असेल. जीभ वळत नसेल. तसं होतं, मला माहीत आहे.

मी आत येऊन दार लावून घेतलं. का लावलं, कळत नाही. माझी बहीण बाहेर आहे आणि मी आतून कडी —

तिच्यासाठी कोट आणते. कोट आणते आणि उघडते.

—

कोट माझ्या खोलीत, दारामागच्या खुंटीला. तिने त्याला टोपी घातली आहे. बाह्या कमरेवर ठेवल्यासारख्या खोचल्या आहेत. माझी नक्कल.

आणि कॉलरभोवती केशरी दोरी. शिट्टी.

तिने नेलीच नाही. शिट्टी इथे आहे. सकाळपासून इथेच आहे.

मग मी दुपारभर कुणाला —

काल ओसरीवर आम्ही घोकत होतो. पाच-सहा वेळा. कुणीतरी ऐकत —

—

ओसरीच्या फळ्या वाजतायत. दाराशी. एक लांब, दोन आखूड. हळू. लाडाने.

उत्तर देणार नाही.

—

ऐकू आली. भिंगरी. शिट्टी नाही, तिचा आवाज, खरा. लांबून, वरून, कड्याच्या अंगाने. ताई गं, थाळी वाजव ना! थांबवलीस का? मला दिशा कळत नाही!

ती बसून राहिली होती. वाटाड्याने सांगितलं तशी. थाळीची वाट बघत. आणि मी थाळी बंद करून —

थाळी ओसरीवर आहे. दाराच्या पलीकडे. ते उभं आहे तिथेच.

स्वयंपाकघरातून पातेलं आणलं. पळीने बडवतेय. नुसतं थप थप. बंद दारं, बंद खिडक्या, आवाज बाहेर जात नाही. खिडकी उघडायला गेले तर काचेला बाहेरून काहीतरी टेकलेलं — ओलं — मी पडदा ओढला.

दार उघडायलाच हवं. दांडा माझ्याजवळ आहे. दोन पावलं. तिला वेण्या घातल्या मी.

उघडते.

—

नाही

थाळी वाजतेय.

बाहेर. मी अजून आतच. दांडा माझ्या हातात आहे. काहीतरी दुसऱ्याच कशाने वाजवतंय — माझ्यासारखी, दमल्यावर मी लय सोडते तशी सोडून —

आणि सरकतेय. आवाज ओसरीवरून निघाला. कुंपण. झरा. वर चाललाय, कड्याकडे.

भिंगरी हसली. आले गं, म्हणतेय. ऐकू आली थाळी, आले —

ती त्याच्या मागे जातेय. कडी काढली. ओरडून सांगते, थांब, ते मी नाही, भिंगरी, येऊ न