काढता येईल असं सील

४ ऑक्टोबर

काढता आलं पाहिजे म्हणे!

वीज बोर्डात वायरमन म्हणून हयात गेली. मीटरच्या पेट्यांना सील मारून मारून बोटं वाकडी झाली. सील कशाला मारतात? कुणी उघडू नये म्हणून. आन् हा हरिओम, माझा जावई, मला शिकवून राह्यला — "मामा, पाणी आत जायला नको, पण वायर पाहिजे तवा सोडता आली पाहिजे." म्हंजे माझं काम पुन्हा उघडावं लागणार, हे धरूनच चालला हा. जावई हाय म्हणून गप बसलो. दुसरा कुणी असता तर पक्कड तिथंच टाकून बदनापूरची गाडी धरली असती.

प्रिया मधी पडली. "बाबा, ही बोट आहे. मीटर नाही." पोरगी माझी, बाजू त्याची.

जालन्यात शिडाची बोट! एमआयडीसीत ह्याचा फायबरचा कारखाना. पाण्याच्या टाक्या आन् बाथरूमचे दरवाजे करायचा, ते काम आता बसलं. पैठणच्या धरणावर एक रिसॉर्टवाला भेटला, त्यानं बोट सांगितली. दिवाळी झाली की बघणार. पसंत पडली तर आणखी बोटी, न्हाईतर कारखान्याला कुलूप. प्रियाची झोप उडाली त्या पायी. म्हणून गेलो. तिच्यासाठी. त्याच्यासाठी न्हाई.

काम एवढंच — बोटीच्या मधोमध शीड बांधायचा अल्युमिनियमचा पोल. पोलाच्या शेंड्याला दिवा. दिव्याची वायर पोलातून खाली येती आन् बोटीच्या वरच्या झाकणाला भोक हाय, तिथून आत बॅटरीकडं जाती. झाकणाला ते डेक म्हणतात. पोल उभा ठेवून बोट रस्त्यानं न्हेता येत न्हाई, वर अकरा केव्हीच्या लायनी. पोल लायनीला टेकला की खेळ खलास. म्हणून दर खेपेला पोल उतरवायचा, वायर सोडायची. हे मला कळत न्हाई असं न्हाई. तरी डोकं फिरतं.

५ ऑक्टोबर

राग वायरीचा न्हाई. इथं तरी खरं लिहावं.

चार वर्षांखाली दोघांनी कोर्टात लगीन केलं. ठीक हाय. मंग ह्याची आई, गिरिजाबाई, पहिल्यांदा आमच्या घरी आली. पिशवीतून स्वतःची पाण्याची बाटली काढली. मालननं, माझ्या बायकोनं, तांब्या पुढं केल्ता, तो तसाच हातात राह्यला. आम्ही बौद्ध. आमच्या घरचं पाणी त्या बाईला चालत न्हाई. हरिओम शेजारीच बसल्ता. मोबाईलमधी बघत व्हता. एक शब्द तोंडातून निघाला न्हाई.

मालन म्हणती, सोडा आता. ती सोडती. मला न्हाई जमत.

९ ऑक्टोबर

कारखान्याच्या शेडमधी फायबरचे तीन तुकडे घेतले. तिन्हीला भोकं पाडून वायर घातली. एकाला सिलिकॉन. एकाला ते दोन रंगांचं मळून लावायचं सील. तिसऱ्याला काय लावावं सुचंना. हरिओम पत्र्याच्या शेडचं सामान विकणाऱ्याकडून एक करड्या रंगाची टेप घेऊन आला. ब्यूटाइल का कायसं. पत्र्यांच्या सांध्यात घालतात. हाताला च्युइंगमसारखी लागती. मी म्हणलं, हे काय लहान लेकराचं खेळणं हाय काय. तो हसला. मला त्याचं हसणं आवडत न्हाई.

तिन्हीला कड करून वर पाणी भरलं, उन्हात ठेवले.

१४ ऑक्टोबर

तिन्ही खालून कोरडे. आता काढून बघायची पाळी.

मळलेलं सील छिन्नीनं काढावं लागलं, संगट फायबरचा टवका निघाला. बाद. सिलिकॉन निघालं, पण बारीक चिकट साय मागं राह्यली. त्याच्यावर दुसऱ्यांदा लावलं तर धरंना, लगेच पाझर. बाद.

टेप मात्र अंगठ्यानं रगडली की गोळी होऊन निघती. मागं काही न्हाई. पुन्हा लावली, पुन्हा पाणी भरलं. थेंब न्हाई.

"मामा, हीच?" त्यानं इचारलं. मी म्हणलं, तुमची बोट, तुम्ही बघा. आवाज जरा जास्तच चढला. कामावरची पोरं बघाया लागली.

१५ ऑक्टोबर

हीच टेप बराबर हाय. त्याच्या तोंडावर म्हणणार न्हाई.

२२ ऑक्टोबर

पोलाच्या बुडाला कॉलर, म्हंजे गोल कडं, बसवली. त्याच्या आत भोकाभोवती टेपचा वेढा. आतल्या अंगानं वायरीला खाली झोळ दिला, म्हंजे चुकून पाणी आलंच तर झोळाशी गळून पडंल, बॅटरीपर्यंत जाणार न्हाई. पोल दोनदा उतरवला, दोनदा चढवला. वायर अलगद सुटली. हरिओमनं शेडची चावी माझ्या हातात दिली. "तुमच्याकडंच ठेवा मामा. तुमचं काम हाय हे." गोड बोलायला ह्याचं काय जातं? जिथं बोलायचं तिथं बोलत न्हाई.

१ नोव्हेंबर

कारखान्यात लक्ष्मीपूजन. मी जाणार नव्हतो. प्रियाचे तीन फोन.

गिरिजाबाई प्रसाद वाटत व्हती. सगळ्या कामगारांच्या हातावर हात टेकवून लाडू दिला. माझ्यापाशी आली आन् हात वर धरून लाडू सोडला. वरून. खाली पडला. तिनं दुसरा घेतला आन् पुन्हा वरून. मी हात मागं घेतला.

ताट हरिओमच्या हातात व्हतं. त्यानं बघितलं. बराबर बघितलं. आन् ताट घेऊन पुढच्या माणसाकडं सरकला.

मालनला काही सांगितलं न्हाई. जेवलो न्हाई.

२ नोव्हेंबर

पाडवा. प्रिया आल्ती ओवाळायला. एकटीच. बरं झालं.

३ नोव्हेंबर

काढता आलं पाहिजे काय? बघू कसं निघतं.

बायपासवर पप्पू काचवाला हाय, ट्रकच्या समोरच्या काचा बसवतो. त्याच्याकडून काळी ट्यूब घेतली. हे एकदा धरलं की काच फुटंल पण सुटणार न्हाई, असं तोच म्हणला. शेड दिवाळीनं बंद. चावी माझ्याकडं. टेप सगळी काढली. भोक भरलं, कॉलर भरली, पोलाचं बूडसुद्धा भरलं. कडेनं करड्या टेपची एक पट्टी लावली, वरून दिसाया नको.

आता ने म्हणावं पैठणला.

हात रॉकेलनं धुतले तरी काळेच.

५ नोव्हेंबर

मालन म्हणती, तुमची तब्येत बरी न्हाई काय. बरी हाय म्हणलं.

प्रियानं फोन केल्ता. रिसॉर्टवाला बारा तारखेला बोट बघायला येणार. लई खुशीत व्हती. कधीपासून एवढी हसली नव्हती ती.

८ नोव्हेंबर

सकाळी जाऊन कापून टाकावं वाटलं. बूट घातले. मंग तो लाडू आठवला. बूट काढले.

९ नोव्हेंबर

टेम्पो आल्ता. संपत ड्रायव्हर, चार कामगार, प्रिया, नारळ घेऊन गिरिजाबाई. मी कोपऱ्यात उभा. चौघांनी पोल उचलायला जोर लावला. ढिम्म. पुन्हा लावला. डेक कर्रकन वाजलं. संपत म्हणला, पोल उभाच राहू द्या, मी हळू चालवतो. मी जवळजवळ वरडलो — अकरा केव्ही हाय रे वर, मरशील!

गिरिजाबाई मोठ्यानं म्हणाली, "मी पहिल्यापासून सांगून राह्यले. असल्यांच्या हातचं काम घरात घ्यायचं न्हाई. आता भोगा."

प्रियाचं तोंड पांढरं पडलं.

हरिओम खाली बसला. टेपची पट्टी नखानं उचलली. आत काळं. तो बोटानं दाबून बघत बसला. मंग मान वर करून माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, झालं. आता सगळ्यांपुढं माझी लाज निघणार.

तो उठला. "आई, मामानं बराबर टेप लावून दिल्ती. मला भरवसा वाटला न्हाई म्हणून मीच वरून दुसरं भरलं. चूक माझी हाय."

ती काहीतरी बोलाया गेली.

"बस. असल्यांच्या म्हंजे कुणाच्या? माझे सासरे हायेत ते. लक्ष्मीपूजनाला लाडू वरून टाकला, मी बघितलं. त्यांच्या घरी पाण्याची बाटली घेऊन गेलतीस, तेही बघितलं. आता पुन्हा असं केलं तर मी तुझ्या हातचं पाणी घेणार न्हाई."

कामगारांपुढं बोलला. ती नारळ तिथंच ठेवून रिक्षात बसून गेली. प्रिया नवऱ्याकडं बघतच राह्यली.

चार वर्षं मला हे ऐकायचं व्हतं. ऐकलं. आन् तोंड वर करून उभं राहवंना. टेम्पो रिकामा परत गेला. घरी आलो. मालनला सगळं सांगितलं. ती उठून दुसऱ्या खोलीत जाऊन बसली.

१० नोव्हेंबर

सकाळी शेडवर. हरिओम एकटाच, काचवाले वापरतात तशी बारीक पोलादी तार पोलाच्या बुडाखाली घालून बसला व्हता. एकट्यानं ती चालत न्हाई. मी दुसरं टोक धरलं.

म्हणलं, "ते मी भरलं. जाणूनबुजून."

"म्हाईत हाय, मामा."

"मंग खोटं का बोललात?"

तार न थांबवता म्हणला, "खरं बोललो असतो, तर आईचंच खरं ठरलं असतं, आन् मला तिच्यापुढं पुन्हा गपच बसावं लागलं असतं. ओढा तुमच्याकडं."