विकणे आहे: अ‍ॅम्प्लिफायर, उत्तम स्थितीत

२ फेब्रुवारी, सोमवार

जाहिरात टाकली. म्हणजे हिने टाकली — फोनवरच्या असल्या उठाठेवी मला जमत नाहीत. मजकूर मात्र माझा. 'जपानी इंटिग्रेटेड अ‍ॅम्प्लिफायर, १९७८ सालचा, तीस वर्षं एकाच घरात, उत्तम स्थितीत. जाणकारांनीच संपर्क साधावा.' 'जाणकारांनीच'च्या खाली रेघ मारता येते का, विचारलं. येत नाही म्हणे.

'उत्तम स्थितीत' हे खोटं आहे. इथे लिहून ठेवतो, बाहेर बोलणार नाही. गेली दोन-अडीच वर्षं डावी बाजू मंद झाली आहे. व्हायोलिन उजवीकडे कसं खणखणीत, आणि डावीकडचा पियानो शेजारच्या बिल्डिंगमधून आल्यासारखा. तीनदा दुरुस्तीवाल्याकडे नेला. चोवीस किलोचं धूड, टॅक्सीत मांडीवर घेऊन! तिन्ही वेळा त्याने झाकण उघडलं, फुंकर मारली, कसलासा फवारा मारला आणि म्हणाला, याला काही झालेलं नाही. समोरच्या काचेतले दोन्ही काटे सारखेच हलतात, हे बोट ठेवून दाखवलं. काट्यांचं मला सांगतो! चौतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होतो मी. काटा किती सराईतपणे खोटं बोलतो ते त्याला काय ठाऊक? माझा कान काट्यापेक्षा खरा.

हिला कारण वेगळं सांगितलंय — हॉलमध्ये जागा होईल.

"कशासाठी?" म्हणाली.



४ फेब्रुवारी, बुधवार

सतरा फोन. त्यातल्या बारा जणांनी 'फायनल किती?' एवढंच विचारलं, नमस्कारसुद्धा नाही. एकाला याच्यावर फ्रिज चालेल का ते हवं होतं. एक बाई म्हणाल्या, एवढा जुना आहे तर तुम्ही स्वतः का नाही बदलला इतकी वर्षं? मी म्हणालो, बाई, चुकीचा नंबर. ही आतून ओरडली की नंबर बरोबरच होता.

७ फेब्रुवारी, शनिवार

आज एक जाणकार आला. स्वतःची वायर घेऊन आला होता, अजगरासारखी जाड, मखमली पिशवीत. हातात पांढरे सुती मोजे. मला वाटलं, याला आता डावी बाजू कळणार. म्हणून आधीच सांगून टाकलं, की डावी बाजू तर लोण्यासारखी आहे.

त्याने डोळे मिटले. सव्वा तास मिटलेलेच. मग म्हणाला, "आवाजात काळोख आहे." हे वाईट की चांगलं, कळेना. चांगलं निघालं. त्याच्या म्हणण्याप्रमाणे काळोखाला कड आहे, कडेला ओल आहे, आणि डावीकडे विशेष. डावीकडे! जिथे मला जेमतेम काही ऐकू येतं, तिथे या गृहस्थाला ओल दिसली.

काय एकेक कान देव जन्माला घालतो. मनातल्या मनात पोट धरून हसलो. वर थोडी लाजही वाटली, कारण असं खोटं खपवणाऱ्या दुकानदारांनाच मी आयुष्यभर पकडत आलो. पण हसू जास्त होतं.

८ फेब्रुवारी, रविवार

मोजेवाल्याचा निरोप: मागच्या पत्र्यावरचा एक स्क्रू मूळचा नाही, सबब विचार रहित. ओल आणि काळोख एका स्क्रूपायी गेले.

११ फेब्रुवारी, बुधवार

गृहसजावटीचं काम करणाऱ्या बाई आल्या. अ‍ॅम्प्लिफायरकडे दुरून पाहिलं, जवळून पाहिलं, फोन आडवा करून पाहिलं. सोनेरी पत्रा, निळ्या उजेडातले काटे — फारच आवडलं. कोणा बड्या माणसाच्या दिवाणखान्यात ठेवायचा आहे. मी रेकॉर्ड काढायला लागलो तर म्हणाल्या, त्याची गरज नाही. गाणं न लावता नुसते दिवे चालू राहतात का, एवढंच सांगा. आणि वर छोटी कुंडी ठेवली तर?

मी सांगितलं की विकला गेला. कोणाला, म्हणाल्या. मी म्हणालो, जाणकाराला.

त्या गेल्यावर ही म्हणाली, "चांगलं गिऱ्हाईक होतं. त्यांना ऐकायचंच नव्हतं." मग माझ्याकडे अशी पाहत राहिली की मी पेपर उघडला. हिला काही माहीत आहे का? कसं असेल. हॉलमध्ये खुर्ची एकच, दोन्ही स्पीकरांच्या बरोबर मधोमध, आणि ती माझी. शाळेत गणित शिकवून रिटायर झालेली बाई. संगीतातलं हिला ओ की ठो कळत नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

काय लिहू. जसं झालं तसं लिहितो.

सकाळी दहाला एक डॉक्टर आले. चुरगळलेला शर्ट, हातात काही नाही. फोनवर नुसतं डॉक्टर म्हणाले होते, मी धरून चाललो की दातांचे असावेत. खुर्ची दिली तर नको म्हणाले, जमिनीवर भिंतीला टेकून बसले. ना काळोख, ना ओल. व्हायोलिन-पियानोची रेकॉर्ड लावली, तशी एक अक्षर न बोलता पूर्ण बाजू ऐकली. एका जागी त्यांचा श्वास थांबला. मलाही तीस वर्षं तिथेच थांबल्यासारखं होतं.

आणि मला खोटं बोलवेना. मोजेवाल्याशी बोललो होतो, यांच्याशी नाही बोलता आलं. म्हणालो, "डॉक्टर, एक सांगायचं राहिलं. डावी बाजू मंद आहे."

त्यांनी अ‍ॅम्प्लिफायरकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. "मला दोन्ही सारख्याच वाटतात," म्हणाले. मग म्हणाले, जरा खुर्ची फिरवून, स्पीकरांकडे पाठ करून बसता का?

बसलो. त्यांनी पुन्हा रेकॉर्ड लावली.

"आता कुठली बाजू मंद आहे?"

"डावीच."

"आता तुमच्या डाव्या हाताला उजवा स्पीकर आहे."

रेकॉर्ड फिरत होती. ही चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. मी विचारलं, तुम्ही कशाचे डॉक्टर?

कानाचे निघाले.

१६ फेब्रुवारी, सोमवार

दुरुस्तीवाल्याला फोन करून माफी मागावी म्हणतो. नको. उद्या.

१८ फेब्रुवारी, बुधवार

डॉक्टरांच्या दवाखान्यात काचेच्या खोलीत बसवलं. शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. उजव्या कानाला छान दाबलं. डाव्या कानाला मी वाट पाहत बसलो, वाटलं, तपासणी सुरूच झाली नाही. ती संपली होती.

नस झिजली आहे. परत येणार नाही. यंत्र लावलं तर बोलणं बरं ऐकू येईल, संगीताची हमी नाही. चौतीस वर्षं दुसऱ्यांचे काटे तपासले, आणि माझाच एवढा खोटा, की शिक्का मारून द्यायला कोणी तयार होणार नाही.

अ‍ॅम्प्लिफायर डॉक्टरांनाच द्यायचं ठरलं. रविवारी सकाळी न्यायला येणार. आता खरोखरच उत्तम स्थितीत आहे, आणि मला काय उपयोग?

परत येताना टॅक्सीत ही माझ्या उजवीकडे बसली. दार डावीकडून उघडलं होतं, तरी वळसा घालून उजवीकडे आली. तेव्हा लक्षात आलं. दोन वर्षांपूर्वी जेवणाच्या टेबलावर हिने आपली जागा बदलली, पंख्याचा वारा लागतो म्हणून. पलंगावरची बाजू बदलली, खिडकीचा उजेड येतो म्हणून. रस्त्याने चालताना सुद्धा. विचारलं, तुला कधीपासून माहीत होतं?

"तुम्ही तिसऱ्यांदा तो डबा टॅक्सीत घातलात ना, त्याच्या बऱ्याच आधीपासून."

मग सांगितलं का नाहीस?

"दोनदा सांगितलं. डावीकडून."

हसावं की काय, कळेना. ड्रायव्हर हसला.

२१ फेब्रुवारी, शनिवार

उद्या डॉक्टर नेणार म्हणून दुपारी वायरी सोडायला बसलो. ही म्हणाली, जायच्या आधी एकदा लावा, मीही ऐकते. तीस वर्षांत हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं. किंवा पहिल्यांदा उजवीकडून आलं, कोण जाणे.

स्वयंपाकघरातली खुर्ची आणून माझ्या शेजारी ठेवली. डावीकडे. मी म्हणालो, तिथून मला तुझं ऐकू येणार नाही. म्हणाली, मी मोठ्याने बोलेन, वर्गात बोलायचे तशी.

आणि बोलली! मी खुर्चीत बसलो की घरात भांडं वाजलेलं मला चालत नसे, आणि ही बाई भर रेकॉर्डमध्ये मुलांना शुद्धलेखन घालावं तशी सांगत होती. "पियानो थांबला. आता हळू हळू वर चढतोय. आता दोन्ही हात." मध्येच म्हणाली, "कोणीतरी पान उलटलं."

कसलं पान?

"पियानोवाल्याचं. कागदाचा आवाज आला की."

त्या रेकॉर्डचा कण न् कण मला पाठ आहे. कान धड असतानाही हा कागद मी कधी ऐकला नव्हता. मी सूर ऐकत होतो, आवाजाची प्रत ऐकत होतो, यंत्र ऐकत होतो. तिथे एक माणूस बसला आहे आणि त्याला पान उलटावं लागतं, हे हिने पहिल्या बैठकीत ऐकलं.

सुई मागे घेतली. "आता," ती म्हणाली. मला काही ऐकू आलं नाही. पुन्हा मागे घेतली. पाच वेळा. प्रत्येक वेळी ती बरोबर त्याच जागी "आता" म्हणाली.

वायरी सोडायच्या राहिल्या. सकाळी लवकर उठून सोडीन.

२२ फेब्रुवारी, रविवार

साडेनऊला डॉक्टरांचा फोन, निघतोय म्हणून. मी रेकॉर्ड पालटत होतो, तेव्हा हिने उचलला. म्हणाली, "माफ करा हं डॉक्टर, विकायचा नाही. आम्ही ऐकतो तो."