पाळण्याखालून

ओतूर, ४ जून २०२५

चि. श्रेया हीस, आईचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या गोकुळमामाच्या घरी बारा वर्षांनी पाळणा हलणार! बारशाला बाळ पाळण्याखालून द्यायचा मान माझा, आत्याचा. अन् माझी गत तुला ठाऊकच. वजन वाढतंय, मांड्यांतला जोर गेलाय. मागं एका हळदीत खाली बसले तर चौघींनी ओढून उठवलं. सगळा मांडव हसला. मी बी हसले, पण घरी येऊन रडले गं. तू लॅबमध्ये लठ्ठ उंदरांना गुळवेलीचा अर्क देतीस न्हवं? त्यातली एक बाटली धाड.

वाट बघणारी,
आई

पुणे, ९ जून २०२५

ती. आईस, शि. सा. न.

बाटली मिळणार नाही! लठ्ठपणात झिजणारे स्नायू अर्काने वाचतात का, हे आम्ही अजून उंदरांतच बघतोय. माणसांचं काहीच ठरलेलं नाही. घरी काढा उकळलास तर माझ्याशी गाठ आहे. मात्र आम्हाला टेकडीवरच्या गुळवेलीची पानं हवी आहेत. टेकडी चढू का, हे डॉक्टरांना विचार आणि रोज पिशवीभर तोडून सावलीत वाळव. खुर्चीतून हात न टेकता दहादा उठत जा.

रागाव, पण पत्र लिही.
तुझी श्रेया

ओतूर, २८ जुलै २०२५

चि. श्रेया हीस, अनेक आशीर्वाद.

काय म्हणतीस? दीड महिना तोडली ती पहाडवेल निघाली? अगं, गुळवेल ओळखायला तुला मीच शिकवली! पान बघून ओढत सुटले, खोड बघितलंच न्हाई. आता पुन्हा पहिल्यापासून टेकडी आली. तुझ्या सरांपुढं माझं नाव काढू नकोस, लई लाज वाटती. पहिल्यांदा चढताना चारदा बसले व्हते, काल एकदाच बसले.

चुकली तरी तुझीच,
आई

ओतूर, ३ नोव्हेंबर २०२५

चि. श्रेया हीस, आईचे पोटभर आशीर्वाद.

काल महाळुंगे पडवळला गोकुळच्या घरी बारसं झालं. पोरगी आहे, आरोही नाव ठेवलं. तुला सुट्टी मिळाली न्हाई, म्हणून सगळं लिहिते. मी खाली बसले तशा बायका कुजबुजायला लागल्या. बाळ पाळण्याखालून दिलं, परत घेतलं. गोकुळ मला उठवायला दोन्ही हात पुढं करून आला.

मी बाळाला घेऊन आपली आपण उठले, अन् त्याच्या त्या हातांत त्याची लेक ठेवली.

अर्काचा थेंबसुद्धा प्याले न्हाई, देवाशपथ. तुझ्या उंदरांना गुण आला का, कळव. पोतंभर पानं एसटीनं धाडलीत, या खेपेला खोड बघून.

अशीच रागावत जा.
तुझी आई