तोंड जुळलेला काकाकुवा

बाबा, तुम्हाले जाऊन एवढी वर्षं झाली, अन् आज पुन्हा तुमच्याच अकलेची गरज पडून राहिली. कुडवा गावातल्या घरी माझ्याकडे एक काकाकुवा आहे, पांढरा, डोक्यावर पिवळा तुरा. शेजारचे काका वारले, त्यांचा मुलगा रायपूरहून आला, घर विकलं अन् पक्षी माझ्या हाती देऊन गेला. वय विचारलं तर म्हणाला, "पता नहीं आंटी, बाबूजी लाए तब भी इतना ही बड़ा था." तेव्हा मले त्याचं काही वाटलं नाही.

आता वाटते. माझं हृदय थकलं म्हणतात डॉक्टर, अन् ऑपरेशन या अंगाले झेपणार नाही. माझं जाऊ द्या, माझ्यामागं याचं काय? लेक नागपूरले. ती सरळच बोलली, "आई, म्हातारा असंन तर आणते, चार-पाच वर्षं करीन त्याचं. पण जवान असंन, अजून चाळीस वर्षं जगणार असंन, तर माझ्यानं होणार नाही." तिचं चुकत नाही. दोन खोल्यांत ती, नवरा, लेकरं, सासू. पण तिच्याशिवाय दुसरं कोणी नाही, बाबा. कोणीच नाही.

म्हणून वय विचारत फिरून राहिली. बैलबाजारात तुम्ही गोऱ्ह्याचा ओठ दाबून दातांवरून वय मले दाखवायचे, हा दोन दाती, हा चार दाती. लोक सौदा थांबवून तुमची वाट पाहायचे. त्याच सवयीनं मी, एवढी शिकलेली बाई, काकाकुव्याची चोच उघडून आत पाहायले गेली. त्यानं बोट फोडलं. पाखराले दात कुठून असणार! तेच बांधलेलं बोट घेऊन पक्ष्यांच्या डॉक्टरकडे गेली. त्यांनी डोळे पाहिले, पायाची कातडी पाहिली, पायात जन्मसालाचं कडं आहे का पाहिलं, नव्हतं. पिल्लू नाही एवढं सांगता येते, म्हणाले, पूर्ण वाढलेला दहाचा का चाळीसचा हे कोणी सांगू शकत नाही. मी म्हटलं, तो जुन्या काळ्या फोनसारखी घंटी वाजवते, म्हणजे तेव्हाचा असंन ना? ते हसले. तसली रिंगटोन आता मोबाइलवर पण मिळते, म्हणाले. मी ऑटोत बसून रडली. तुम्ही पण एखाद्या बैलाचं तोंड सोडून हात झटकायचे अन् म्हणायचे, "याचं तोंड जुळलं, सगळे दात आले. आता याचं वय यालेच ठाऊक." मले वाटे, तुम्ही कंटाळा करून राहिले.

काल लेकीले फोन केला. म्हातारा आहे म्हटलं, डॉक्टरनंच सांगितलं. ती म्हणाली, बरं, उद्या घ्यायले येते. फोन ठेवला अन् हा पठ्ठ्या पडद्याच्या दांडीले उलटा लटकून, तुरा फुलवून नाचाले लागला. एरवी मी टाळ्या वाजवते. काल खिडकी लावून घेतली, कोणी पाहू नये म्हणून.

हे पत्र कुठं टाकणार, चुलीतच जाईन. लेकीची गाडी दुपारी येते. सकाळपासून मी त्याले दाणा घातला नाही, बाबा. ती येईन तेव्हा तो मलूल दिसला पाहिजे.