पानाला विटाळ कळत नाही

बाबा,

तुमच्या पानवेली माझ्या विटाळाने नासल्या नव्हत्या. सांगायचं एवढंच आहे, पण एवढ्यावर माझं भागणार नाही, म्हणून लिहायला बसले.

मी नववीत होते. भुईगावच्या आपल्या वाडीत पानांवर तेलकट काळे डाग पडले होते, भोवती पिवळी कड. आईने तुमची भाकरी देऊन पाठवलं, म्हणून मी फाटकाशी उभी होते, तेही बाहेरच. तुम्ही शेजाऱ्यांसमोर ओरडलात, "अडचण असताना आलीस ना? नासवलीस वाडी!" घरी आले तर आई विळीवर भाजी चिरतेय, तुमचं ओरडणं घरापर्यंत ऐकू आलेलं, पण वर बघत नाही. तुम्ही वेली उपटून जाळल्यात. त्यानंतर घरात काहीही बिनसलं की सगळे माझ्याकडे बघायचे. मला भयंकर राग यायचा. अजून येतो.

त्या रागावरच मी शिकले. आता रोपांच्या रोगांवर काम करते. जंतू शिवला की पानाच्या पेशींत कॅल्शियम घुसतं. तुमच्या चंचीतल्या चुन्यात असतं ना, तेच. ती हाकाटी असते. ती ऐकून पान आपली बारीक छिद्रं मिटून घेतं, पेशींच्या भिंती जाड करतं, लढायला उभं राहतं. आमच्याकडची काही रोपं अशी बनवलेली आहेत, की कॅल्शियम आत आलं की पान तिथे उजळतं. मी सूक्ष्मदर्शकातून ते बघते. महिन्याचे सगळे दिवस बघते, बाबा, पाळी असतानाही. पान जंतूला ओळखतं. माझी पाळी त्याच्या गावीही नसते.

आणि रोग फिरवला कोणी? अंगठ्याला पोलादी नखी लावून तुम्ही आधी डागाळलेली पानं खुडायचात, मग त्याच न धुतलेल्या नखीने चांगली. जंतू रांगभर हिंडला तो तुमच्या अंगठ्यावर बसून. तुम्हाला ठाऊक नव्हतं, मान्य. पण ठाऊक नसताना नाव मात्र माझं घेतलंत. चोर सोडून संन्याशाला फाशी!

परवा धाकट्या भावाने पाळी आलेल्या आपल्या मुलीला नव्याने लावलेल्या वाडीच्या फाटकाशी अडवलं. "ताई, बाबांचा नियम आहे," म्हणाला.

"होता. मी मोडतेय." मी तिचा हात धरून तिला आत नेलं.

ती कुजबुजली, "आत्या, वेल मेली तर?"

"मेली तर रोगाने मरेल. तुझं नाव कोणी घेतलं तर माझ्याकडे पाठव."

ती वाडीच्या पार टोकापर्यंत गेली. तुमचा मुलगा फाटकाशी उभा राहून बघत राहिला.

हे पत्र पाठवायचं नाही. तुम्ही गेल्यावर पाठवणार तरी कुठे? मी माफी मागत नाही आणि तुम्हाला माफ केलं असंही म्हणत नाही. फक्त एक कबूल करते. प्रयोगशाळेत पहिल्यांदा पान उजळलं, तेव्हा सोबतचे टाळ्या वाजवत होते, आणि माझ्या तोंडून निघालं, "बाबा, बघा ना."