तुणतुण्याची वायर

१२ फेब्रुवारी

नाही म्हणजे नाही! यापुढे मी नुसत्या वायरी गुंडाळणार नाही. सूर्यभानने गुंडाळाव्यात. काकांचा हा पोरगा गेल्या दिवाळीनंतर दुकानात आला आणि आप्पांचा उजवा हात झाला. मी लहानपणापासून उस्मानपुऱ्यातल्या या साउंडच्या दुकानात बसतेय, मग मी कोण?

आप्पा आज आईला म्हणाले, "दुकान सूर्यभानलाच देतो. पोरगी काय, परक्याचं धन." मी मागे उभी होते. म्हटलं, "आप्पा, मी चालवीन की." वळूनसुद्धा बघितलं नाही!

१४ फेब्रुवारी

सोल्डरिंगने बोट भाजलं. हळद लावली. काम पुरं केलंच.

१५ फेब्रुवारी

पुंडलिकनगरच्या द्वारकाबाई आल्या होत्या. त्यांचं बायकांचं भारूड मंडळ आहे, आठ मार्चला कार्यक्रम. मागच्या वर्षी सगळ्या माइकच्या दांड्यासमोर खिळून उभ्या राहिल्या. यंदा मोकळं नाचायचंय, म्हणून पदराला लावायचे कॉलर माइक हवेत. "आन् माइक पोरीनंच लावायचा. मागं एक बाप्या पदराशी झटायला लागला, म्या हाणलाच असता त्याला!"

आप्पा हूं की चूं नाही. शेवटी सूर्यभान ओरडला, "आप्पा, बायकांचं भारूड हाय, घ्यायचं का?" तेव्हा कुठं "घेऊ" म्हणाले. म्हणजे त्याने विचारलं तरच तोंड उघडायचं!

मी समोर जाऊन उभी राहिले. छातीवर बोट ठेवून म्हटलं, "मी करणार." आप्पांनी बराच वेळ बघितलं. "कर. पर चुकलीस तर दुकानाचं नाव परत काढायचं नाय." ठरलं तर मग!

२० फेब्रुवारी

काल शिवजयंतीची मिरवणूक. आप्पा दिवसभर डीजेच्या भिंतीला खेटून. तरुणपणापासून तेच. आज मंडळवाले आप्पांकडे तक्रार घेऊन आले — "सोनाजीभाऊ, आवाज लई कर्कश व्हता." हल्ली सगळे हेच म्हणतात. आप्पांचं मत असं की लोकांचेच कान नाजूक झालेत. ते आपले बॉक्सवर तळहात ठेवतात आणि मान डोलावतात.

"ट्रेबल, तो चिरका सूर, कमी करा," असं मी कालच ओरडून सांगितलं होतं. ढिम्म.

२४ फेब्रुवारी

कमरेला लावायचे नवे बिनतारी ट्रान्समीटर आले. आमचे जुने कॉलर माइक त्यांना चालत नाहीत! प्लग अगदी झकास बसतो, पण आतल्या पिनांचा हिशेब निराळा. प्रत्येक कंपनीची चूल वेगळी. सूर्यभान म्हणाला, "फेकून दे, नवे घिऊ." फेकायला बसलाच आहे!

सगळे प्लग उघडले. माइकला ट्रान्समीटरमधून थोडी वीज लागते, म्हणून त्याची वायर विजेच्या पिनेला. तुणतुण्याला चिकटवायचा पिकअप, म्हणजे तारेचा कंप पकडणारी चकती, तिला वीज नको, तिची वायर शेजारच्या पिनेला. वायरी केसासारख्या, मान मोडून आली. पण सगळ्यांतून आवाज आला! सगळ्यांतून!

आप्पांना नेऊन दाखवलं. "हिरवा दिवा लागतो का?" मी मान हलवली. "मंग झालं." शाबास म्हणायला काय जीभ झडते?

१ मार्च

नऊवारीत ट्रान्समीटर अडकवणार कुठे? कासोट्यात खोचला की घामाने भिजतो. खणाच्या पिशव्या शिवल्या, आत मेणकापड. आई म्हणाली, "बटव्यागत नाडी लाव, नायतर नाचताना सुटंल." लावली. या घरात कोणीतरी बोलतं माझ्याशी!

५ मार्च

भांडण. आप्पा टीव्ही बघत होते — एवढा मोठा की शेजारच्या चतुराबाईंना आमच्या बातम्या पाठ होतात. मी पाठीमागून विचारलं, "मिक्सरवर उद्या एकदा तालीम करू का?" एकदा, दोनदा. मग किंचाळले, "मी काय भिंतीशी बोलतेय?" तेवढ्यात सूर्यभान दारातून गरजला, "आप्पा, जेवायला चला!" लगेच उठले.

रडले. रागाने रडले, हे लिहून ठेवते.

७ मार्च

बॅग भरताना तुणतुण्याची वायर प्लगमधून तुटली. घाईघाईत पुन्हा डागली. पिकअप तुणतुण्यालाच चिकटवलेला, आणि तुणतुणं ते वाजवणाऱ्या आशाबाईंच्या घरी, तपासायचं कशावर? असो. हात बसलाय आता.

८ मार्च

कार्यक्रम झाला. बायका अशा नाचल्या की स्टेज हललं, एकही नाडी सुटली नाही. द्वारकाबाईंनी माझी अलाबला घेतली.

पण आधीचं लिहायला हवं. पडद्यामागे एकेक माइक तपासला, सगळे ठणठणीत. शेवटी आशाबाईंनी तुणतुण्याची तार छेडली. समोर मिक्सरवर आप्पा, कानाला हेडफोन. मिक्सरशेजारच्या रिसीव्हरवर हिरवा दिवा लागलेला होता. आप्पांनी डोळे मिटून मान डोलावली, अंगठा वर केला — एकदम मस्त!

आवाज आलाच नव्हता.

हॉलमध्ये नाही, बॉक्समध्ये नाही, कुठेच नाही. रात्रीच्या घाईत मी वायर विजेच्या पिनेला डागली होती, माइकच्या सवयीने. दिवा फक्त ट्रान्समीटर चालू आहे एवढंच सांगतो. मी सूर्यभानकडे बघितलं. त्याने मान खाली घातली. आप्पांच्या कानांचं त्याला माहीत होतं.

प्लग उघडला, वायर शेजारच्या पिनेला डागली. डाग पक्का बसला, तुणतुणं हॉलभर वाजलं.

९ मार्च

आप्पांसमोर बसले, माझं तोंड दिसेल अशी. सावकाश म्हटलं, "काल तुणतुण्याचा आवाज आला नव्हता."

माझ्या ओठांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "कुणाला सांगू नगं. धंदा बसंल."

"सांगणार. आधी डॉक्टरला. आणि आजपासून मिक्सरवर मी बसणार. उठा, चप्पल घाला."

पहिल्याच हाकेला उठले.