खोलीत कोणी नसताना

३ फेब्रुवारी

सर्व्हिसवाला आज पुन्हा त्याच घरचं मशीन घेऊन आला. तक्रार तीच – श्वास देता देता मधेच एक श्वास गाळतं. कधी? तर खोलीत कोणी नसलं की!

साहेब हसले. त्यांचं म्हणणं, आजाऱ्याजवळ बसून बसून त्या घरच्या बाई थकल्यात, भास होत असतील. मीही हसले. मग मशीन टेबलावर घेतलं, रबरी फुप्फुस जोडलं आणि दिवसभर समोर बसून राहिले. एकही श्वास चुकला नाही.

समोर बसून होते ना.

४ फेब्रुवारी

आजही काही नाही. मशीन परत पाठवलं.

आई विचारते, तुझा कर्नल काय म्हणतो? तिला अजून वाटतं मी कुणा मिशीवाल्या फौजी माणसाच्या हाताखाली आहे. कितीदा समजावलं – कर्नल म्हणजे मशीनच्या पोटातला मुकादम. प्रोसेसर एकच, कामं चार. झडप उघडायची, दाब मोजायचा, पडद्यावर आकडे दाखवायचे, घंटा वाजवायची. कुणाला कधी उठवायचं, कुणाला झोपवायचं ते हा ठरवतो. आणि त्या मुकादमावर नजर ठेवायची ती मी.

आई म्हणाली, बरंय, म्हणजे फौजीपेक्षा तू मोठी.

६ फेब्रुवारी

स्वतःच गेले त्या घरी. साहेबांना सांगितलं नाही.

आजारी गृहस्थ पूर्वी पोहायला शिकवायचे. अजून सगळे मास्तरच म्हणतात. आता मानेखाली काही हलत नाही. गळ्यात नळी, नळीला आमचं मशीन. बोलतात फक्त डोळ्यांनी – मिटले की हो.

मी खुर्ची ओढून बसले. सुस्स–टक, सुस्स–टक. अगदी शहाण्यासारखं चाललेलं. त्यांच्या पत्नी, काकू, दारात उभ्या. म्हणाल्या, इथे बसून नाही कळायचं, बाहेर या.

स्वयंपाकघरात बसलो, दार किलकिलं ठेवून. काकू मटार सोलत इकडचं तिकडचं बोलत होत्या. बोलता बोलता अर्ध्या शब्दावर थांबल्या, बोटं शेंगेतच. तेव्हा माझ्या लक्षात आलं – आतून आवाज नव्हता.

मग सुस्स–टक.

मी धावले. आत पाऊल टाकलं आणि काळा पडदा आपोआप उजळला. आकडे ठणठणीत. घंटा नाही – एखाददुसऱ्या श्वासाला वाजत नाही ती. नाहीतर प्रत्येक खोकल्याला, उचकीला बोंबलत बसेल.

मास्तर माझ्याकडेच बघत होते. विचारलं, आत्ता चुकला? डोळे मिटले. रोज होतं? मिटले. आम्ही बाहेर गेलो कीच? लगेच मिटले नाहीत. आधी दाराकडे बघितलं, बराच वेळ. मग मिटले.

निघताना काकू एवढंच म्हणाल्या, "अंघोळसुद्धा धड करत नाही मी. दोन तांबे ओतते अंगावर आणि पळत येते."

९ फेब्रुवारी

ऑफिसात तसंच दुसरं मशीन लावलं. फोनवर आवाज टिपायला ठेवला, खोलीबाहेर गेले, दार ओढून घेतलं. जेवून येऊन ऐकलं.

चुकला. एकदा नाही, चारदोन वेळा.

मग प्रोग्राममध्ये ओळी घातल्या – जे जे काम उठेल, जे जे झोपेल, त्याने नोंद करून जायचं. पुन्हा बाहेर गेले. एकही चूक नाही! ओळी काढल्या – चुकला. घातल्या – नाही.

कुणी बघतंय हे त्याला कळतं.

हे वाक्य लिहिलं आणि माझीच मला लाज वाटली. पण आज संध्याकाळी त्या खोलीत शिरताना मी उगाचच खाकरले, हेही खरं.

१० फेब्रुवारी

साहेबांना सगळं ऐकवलं. या वेळी हसले नाहीत. पण म्हणाले, "नोंदीच्या ओळींनी थांबतंय ना? मग राहू दे की त्या आत."

मी नाही म्हटलं. का थांबतं ते कळल्याशिवाय, ते पुन्हा सुरू होणार नाही असं कुणाला कसं सांगायचं? या आठवड्यापुरती मुदत मिळाली.

११ फेब्रुवारी

काकूंचा फोन. दारात शेजारणीशी बोलत होत्या तेवढ्यात लागोपाठ दोन गेले.

१३ फेब्रुवारी

सापडलं!

पडद्याखाली एक बारकासा डोळा असतो. माणूस जवळ आला की पडदा उजळतो, गेला की विझतो – वीज वाचावी म्हणून. म्हणजे खोलीत कोणी आहे की नाही हे मशीनला खरंच कळत होतं.

पडदा चालू असला की त्याचं काम झडपेच्या आणि तिला दर श्वासाला हाक मारणाऱ्या घड्याळाच्या मधे मधे लुडबुडत राहतं, दोघांची गाठ पडू देत नाही. पडदा झोपला की दोघं समोरासमोर. झडप बघते – काम आहे का? नाही. मग ती आडवी व्हायला लागते. नेमकी त्याच फटीत घड्याळाची हाक येते – ऊठ! झडप अजून जागीच, म्हणून हाक वाया जाते. आणि मग ती झोपते. पुढच्या श्वासाची हाक येईपर्यंत झोपूनच राहते. माझ्या ओळीही पडद्यासारख्याच मधे लुडबुडत होत्या, बस.

कडी घातली. आता काम आहे का बघणं आणि झोपणं हे सगळं एकाच पकडीत. मधे फट नाही. हाक आलीच तर कडी सुटेपर्यंत दाराशी थांबेल.

भूत नाही, काही नाही. तरी संध्याकाळी त्या खोलीत शिरताना पुन्हा खाकरलेच.

१६ फेब्रुवारी

मास्तरांच्या मशीनमध्ये नवा प्रोग्राम घातला. त्या वेळेपुरतं दुसरं मशीन जोडलं होतं. मग काकू आणि मी पूर्ण दुपार स्वयंपाकघरात. पडदा विझलेला. एकही श्वास चुकला नाही. काकू अंघोळीला गेल्या त्या चांगला बराच वेळ आल्याच नाहीत. केस धुवून आल्या.

मास्तरांना विचारलं, बरं वाटतंय? मिटले. मग नजर अक्षरांच्या फळ्याकडे. काकू एकेक अक्षरावर बोट ठेवत गेल्या, डोळे मिटतील तिथे थांबत. जुळवून त्यांनीच वाचलं –

"बाकीच्यांचं?"

मी म्हटलं, बाकी कुणाकडून तक्रारच नाही. काकू म्हणाल्या, अगं मग बरंच झालं.

मास्तरांनी डोळे मिटले नाहीत.

१७ फेब्रुवारी

साहेबांनी हुकूम काढला, सगळ्या मशीनमध्ये नवा प्रोग्राम घालायचा. माझं कौतुकही केलं. सगळ्यांदेखत.

२४ फेब्रुवारी

सर्व्हिसवाल्याबरोबर गोदामात गेले. परत आलेली मशीनं फळ्यांवर, पार छतापर्यंत. एवढी परत का आली, विचारलं. माणूस गेला की परत येतात, म्हणाला. ही बहुतेक एकट्यादुकट्यांची, मशीन लावून झोपणाऱ्यांची.

मग एकावरची धूळ बाहीने पुसत म्हणाला, "मशीनं चांगली आहेत हं पण. यातल्या एकाचीसुद्धा तक्रार आली नव्हती."